घामाला उग्र दर्प

प्रश्न: भात-पोळी पूर्ण बंद केलीय, चिकन, अंडी, पनीर आणि व्हे प्रोटीन (दुधापासूनची प्रोटीन पावडर) चालू आहे, वजन उतरतंय पण ट्रेडमिलवर घाम आला की टीशर्टला चक्क मुतारीसारखा वास येतो हो, डिओ मारूनही जात नाही. काय करू?

उत्तर: तो अमोनिया असणार. कार्ब्स (भात-पोळीतून मिळणारी पिष्टं) कमी पडले की व्यायामात शरीर प्रोटीन जाळतं, त्यातून अमोनिया बनतो, लिव्हर त्याचा युरिया करून लघवीवाटे काढतं पण लोड जास्त आणि पाणी कमी असलं की अमोनिया घामात उतरतो, डिओ काय करणार त्याला! जिमच्या तासभर आधी एक केळं किंवा अर्धी भाकरी खा, पाणी वाढवा, व्हेचा एक स्कूप कमी करा. तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत असेल तर ते कीटोन्स, म्हणजे चरबी जळताना बनणारी रसायनं. डायबेटिस असेल तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. एरवीही महिन्याभरात फरक नाही पडला तर किडनी-लिव्हरची टेस्ट करून घ्याच.