माळ काढली म्हणून बाग आडवी झाली का?

"ताई, मी माळ काढली म्हणून देव मले शिक्षा देऊ राह्यला का?"

जळगाव जिल्ह्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. माळेच्या जागी कधी सुटलेली एकादशी असते, कधी कुलदैवताचा राहिलेला नवस. यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट त्याच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

रावेर तालुक्यातला केळीवाला. दहा-बारा दिवस झोप नाही म्हणून बायको त्याला घेऊन आली होती. वैशाखाच्या शेवटी वादळ आलं आणि कापणीवर आलेली मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, अर्ध्या तासात आडवी झाली. केळीचं खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेले देठ. घडाचं ओझं आणि वर वारा, की मधूनच मोडतं. तलाठ्याने पंचनामा केला, पण याच्या डोक्यात दुसराच पंचनामा चालू होता. चार वर्षांपूर्वी त्याने तुळशीची माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली होती. व्यापाऱ्यांबरोबर उठबस वाढली, दारू आली, मटण आलं. ज्येष्ठात मुक्ताईची पालखी कोथळीहून पंढरपूरला निघते, महिनाभराची चाल. बापाने जन्मभर केलेली ती वारीही सुटली.

पहिल्या भेटीत मी देवाचं नावच काढलं नाही. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारलं. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना विचारल्यावर सुटल्यासारखं वाटतं. "येते मनात," तो म्हणाला. फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवायला सांगितली, मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जागरणाने शिणलेल्या माणसाला सगळीकडे कोपच दिसतो. म्हणून आधी झोप.

झोप लागू लागल्यावर विचारलं, "बांधाला लागून बाग कोणाची?"

"चुलतभावाची."

"तो माळकरी?"

"पक्का."

"त्याची बाग वाचली?"

तो गप्प बसला. त्याचीही गेली होती.

मेहूणला तापीकाठी 1297 मध्ये, वैशाखातच, विजा कडाडल्या आणि मुक्ताई गुप्त झाली असं आपल्याकडे मानतात. मी विचारलं, "तिच्यावर देव कोपला असं कोणी म्हणतं का?" "असं कसं म्हनतीन ताई!" त्याला ते लागलंच.

पण त्याचा मूळ प्रश्न मला झटकायचा नव्हता. श्रद्धेच्या माणसाला 'असं काही नसतं' म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. भरकटलेल्याला देव वळणावर आणतो हे त्याचं मानणं मी तसंच राहू दिलं आणि विचारलं, "वादळाच्या आधी तुम्हाला कोणी टोकलं होतं?"

त्याचा अंगठा गळ्याच्या खळग्यात गेला, जिथे माळेचा मणी टेकायचा तिथे. बराच वेळ तिथेच फिरत राहिला.

"मायने."

मागल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल त्या दिवशी संपतं, हिशेब होतो. नऊ वर्षं राबलेल्या सालदाराचे अठरा हजार रुपये याने भाव पडल्याचं सांगून अडकवले. भाव पडले होते हे खरं. त्याच महिन्यात दारात नवी मोटारसायकल आली हेही खरं. माय ओट्यावर गहू निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "माळ काढली ते काढली, त्याचं पोट नको कापू." हा तिच्यावर ओरडला. तेव्हापासून वर्षभर दोघांचं बोलणं बंद.

मला ताटीची कथा आठवली. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर दार लावून बसले, तेव्हा समजूत घालायला दाराबाहेर उभी होती धाकटी बहीण मुक्ताई. थोरल्याने धाकटीचं ऐकलं, दार उघडलं. मी त्याला एवढंच म्हणाले, "भाऊ, तुमच्या दाराबाहेर वर्षभर माय उभी आहे."

माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की कानउघाडणी नेमकी असते. कोणाचं काय घेतलंय, काय परत करायचंय, ते ती सांगते. कोपाची भीती माणसाला रात्रभर जागवते, पण सकाळी उठून काय करायचं ते सांगत नाही. मायचं वाक्य आणि वादळ शेजारी ठेवले तेव्हा त्याला हे माझ्याआधी कळलं.

तरी महिना गेला. मोटारसायकल विकून पैसे दोन खेपांत दिले. सालदाराने नोटा मोजून घेतल्या, चहा पाजला, पण कामावर परत आला नाही. त्याने दुसरीकडे साल धरलं होतं. शेतकऱ्याला त्याचं वाईट वाटलं, पण ते सोसायलाच हवं होतं. माळ परत घालू का, असं मला विचारलं, तेव्हा ज्यांच्या हातून घातली त्या महाराजांना विचारा म्हटलं. ते माझं काम नाही.

पुढच्या ज्येष्ठात बुलढाण्याहून फोन आला. पालखीबरोबर तिथवर चालला होता, आता परत फिरणार होता. नव्या लागवडीचं ठिबक जोडायचं होतं. माय एसटीने तिथे पोचली होती. पुढे दिंडीतल्या बायकांबरोबर पंढरपूरपर्यंत जायचं म्हणत होती. मागून तिचा आवाज येत होता, चप्पल आणली का विचारत होती.