शुगरच्या आधी शेजार बघ

उदगीरची लेक, आता मँचेस्टरला असते, तिचं लांबलचक पत्र आलंय. "ताई, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ४३ आलंय, झोप नाही, जिम लावली, भात सोडून ज्वारी सुरू केली, मेडिटेशनचं ॲप घेतलं तरी अंगात त्राण नाही. पोरगा मराठी बोलत नाही. सासूबाई सहा महिने येणारेत." आणि अगदी शेवटी, "चार वर्षं झाली, पण शेजारी कोण राहतं तेही माहीत नाही."

बाई गं, खरं दुखणं या शेवटच्या ओळीत आहे आणि तेच तू तळाला टाकलंस!

इकडं परदेशात आलं की आपलं सगळ्यांचं असंच होतं, तब्येत म्हणजे फक्त ताट आणि ट्रेडमिल. जागतिक आरोग्य संघटना १९४८ पासून सांगतेय की आरोग्यात शरीर, मन आणि समाज तिन्ही आले. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य आरोग्य सल्लागार, विवेक मूर्तींनी २०२३ मध्ये एकटेपणावर अख्खा अहवाल काढला, माणसं तुटली की हृदयविकार, स्ट्रोक, डिमेन्शिया सगळ्यांचा धोका वाढतो. तू राहतेस त्या ब्रिटनने तर २०१८ मध्येच यासाठी मंत्री नेमला.

माझी मामी किल्लारीकडची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, घरं पक्की, रस्ते रुंद आन सरळ, पण गल्लीतली माणसं पांगली. मामी म्हणायची, भिंती चांगल्या मिळाल्या गं, पण ओसरीवर टेकायला कुणी येईना. बीपी, गुडघे, झोप, सगळं तिथं सुरू झालं. गोळ्या चालूच होत्या, पण ती उठून हिंडायला लागली ती बायकांनी दुपारचं भजन सुरू केल्यावर, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून जीपीकडं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडं, जाशील तेव्हा सोशल प्रिस्क्रायबिंगचं, म्हणजे माणसांत मिसळायला जोडून देण्याचं विचार, तिथला लिंक वर्कर, म्हणजे हेच काम करणारा माणूस, चालण्याचे, बागकामाचे ग्रुप जोडून देतो, पैसे लागत नाहीत. आणि येळवस, आपली वेळा अमावस्या, येतेय. आपल्याकडं त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही शेतात हाक मारून भज्जी (मिसळीची भाजी) आणि आंबील वाढतात, मग तू शेजारच्या दाराची बेल वाजवायला का लाजतेस? भज्जीचा डबा घेऊन जा, नाव विचार, आपलं सांग. एकदा नाही, दर पंधरा दिवसांनी कायतरी निमित्त काढ, पहिल्या भेटीत कुणी जीव लावत नसतं.

बाकीचं पटकन सांगते. ४३ म्हणजे डायबेटिसच्या अलीकडची पायरी, डायबेटिस रोखायच्या प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमला नाव घालायला जीपीला सांग. व्हिटॅमिन डी रोज १० मायक्रोग्रॅम, आपल्या रंगाच्या माणसानं तिथं बारमाही घेतलेलं बरं. सासूबाईंचा मेडिकल इन्शुरन्स काढल्याशिवाय तिकीट काढू नकोस. पोरगा आज्जीसोबत राहून आपोआप बोलेल, त्याला रागावू नको. आणि येळवशीला कोण कोण जेवायला आलं ते मला कळव.