कवटीतले भोक: आजार की जन्मखूण?

प्रश्न: माझा 19 वर्षांचा मुलगा स्कूटरवरून पडला. इजा किरकोळ, पण सीटी स्कॅनच्या रिपोर्टात उजव्या पराइटल हाडात (कवटीच्या वरच्या-बाजूच्या हाडात) 9 मिमीचा 'लायटिक लिजन' (हाड विरल्यासारखी जागा) लिहिलाय. दुसरे डॉक्टर फिल्म बघून म्हणाले, हे जन्मजात आहे. बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करावी का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: इतक्यात नको. आधी डाव्या बाजूला काय आहे ते बघायला हवे. गँट्रीत (स्कॅन यंत्राच्या गोल कमानीत) डोके जरा कलते असले, तर एका कापात (स्कॅनच्या एका थराच्या चित्रात) उजवे भोक येते आणि डावे पुढच्या कापात जाते. मग जोडीतले एकच नजरेस पडते. म्हणून सेंटरकडून सीडी मागून घ्या आणि 1 मिमीच्या आसपासचे पातळ काप, बोन विंडो (हाड स्पष्ट दाखवणारी चित्राची मांडणी) व थ्रीडी चित्र रेडिओलॉजिस्टना पाहायला सांगा. मेंदू दाखवणाऱ्या ब्रेन विंडोत हाडाची कड नीट कळतच नाही.

भोवऱ्याच्या आसपास, मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना, नारळाच्या डोळ्यांसारखी गोल, गुळगुळीत काठांची दोन भोके दिसली, तर ती मोठी राहिलेली पराइटल फोरामिना, म्हणजे त्या हाडातली जन्मजात छिद्रे. एरवी हे छिद्र जेमतेम 1 मिमीचे असते. 5 मिमीच्या वर गेले की मोठे म्हणतात. बाळपणी तिथे हाड भरणे अपुरे राहते. एमएसएक्स2 किंवा एएलएक्स4 या जनुकांतल्या बदलामुळे ते घरात चालत येते, तेव्हा तुम्हा आई-वडील दोघांच्याही डोक्यावरून तिथे बोट फिरवा. खळगा लागू शकतो. कुणाचा जुना स्कॅन असेल तर तोही काढा. मुलाचा स्वतःचा जुना स्कॅन मिळाला तर फारच उत्तम: आकार तसाच असेल, तर बायोप्सीचा विषय मिटला.

एकाच बाजूला, कुरतडल्यासारखे, दुखणारे किंवा वाढणारे भोक असेल, वर मऊ गाठ लागत असेल, तर मात्र तपास हवाच. भोके बरीच मोठी असतील तर एमआरआयमध्ये तिथल्या शिरांची रचनाही बघतात. हेल्मेट तर हवेच, इथे दुप्पट कारणाने.

प्रश्न: आईच्या (वय 64) स्कॅनमध्ये कपाळाचे हाड आतून जाड झालेले आढळले. औषध लागेल का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर: दोन्ही बाजूंना उंचसखल जाडी, मध्यरेषा मोकळी, हाडाचा बाहेरचा थर जसाच्या तसा, असे असेल तर ती हायपरऑस्टोसिस फ्रंटॅलिस इंटर्ना (कपाळाच्या हाडाची आतून होणारी निरुपद्रवी वाढ). पाळी गेलेल्या बायकांत ती बरेचदा दिसते, औषध लागत नाही. जाडी एकाच बाजूला असेल किंवा कपाळावर उंचवटा लागत असेल, तर मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) नाही ना, हे पाहण्यासाठी कॉन्ट्रास्ट एमआरआय (शिरेतून औषध देऊन केलेला) करून घ्या.