यशवंतराव चव्हाण दिल्लीत इतकी वर्षं राहूनही पंतप्रधान का झाले नाहीत?

माझ्या मते, निर्णायक क्षणी थांबण्याचा स्वभाव त्यांना नडला. नाहीतर अनुभवात कमी काय होतं? देवराष्ट्रे गावी १९१३ साली जन्म, वडील लहानपणीच गेलेले, आई विठाबाईंनी कष्टाने वाढवलेलं पोर. १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. १९६२ च्या चीन युद्धात तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं, तेव्हा नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री केलं. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे तेव्हाचंच. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही सगळी वजनदार खाती सांभाळली.

पण १९६९ मध्ये पक्षाच्या बैठकीत राष्ट्रपतिपदासाठी इंदिराजींना नको असलेल्या संजीव रेड्डींच्या बाजूने उभे राहिले आणि काँग्रेस फुटल्यावर मात्र इंदिराजींसोबत गेले. विश्वास तिथेच उडाला असावा. पुढच्याच वर्षी गृहखातं गेलं. आणीबाणीनंतर इंदिराजींपासून वेगळे झाले, १९७९ मध्ये चरणसिंगांच्या अल्पायुषी सरकारात उपपंतप्रधान झाले. खुर्चीच्या सर्वांत जवळ पोचले ते तेव्हाच. नंतर पुन्हा इंदिरा काँग्रेसमध्ये परतले, पण जुनं वजन काही परत आलं नाही. इंदिराजींच्या हत्येनंतर महिन्याभरातच, २५ नोव्हेंबर १९८४ ला, तेही गेले. समाधी कराडला प्रीतिसंगमावर आहे.