‘द मामाज अँड द पापाज’चा ग्रेटेस्ट हिट्स ऐकावा की मूळ अल्बम? आणि चार आवाजांत ऐकायचं कुणाला?

तुम्ही लिहिलंय की घरात रागसंगीत ऐकत वाढलात, ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’ फार आवडलं, पण साठच्या दशकातल्या या अमेरिकन पॉप ग्रुपचे चौघं एकाच वेळी वेगवेगळं गायला लागले की कान कुणाकडे लावावा ते कळत नाही.

आधी सोपं उत्तर: ग्रेटेस्ट हिट्सचा संग्रहच ऐका. बीटल्सबद्दल विचारलं असतंत तर मूळ अल्बमच ऐका म्हणालो असतो, पण या चौघांचं प्रकरण वेगळं आहे. १९६५च्या अखेरीला ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’ आलं आणि १९६८मध्ये ग्रुप मोडला. पुढे १९७१मध्ये पुन्हा एक अल्बम निघाला, तो करार पुरा करण्यासाठी. म्हणजे खरा बहर जेमतेम तीन वर्षांचा. त्या काळात ग्रुपची गाणी रचणाऱ्या जॉन फिलिप्सने आपली सगळी अक्कल तीन-तीन मिनिटांच्या सिंगल्समध्ये ओतली. मूळ अल्बमांत त्याच तोलाची गाणी सलग मिळत नाहीत.

संग्रहही दोन जुने आहेत. १९६७चा ‘फेअरवेल टू द फर्स्ट गोल्डन एरा’ ग्रुप चालू असतानाच निघाला, त्यामुळे त्यात १९६८चं ‘ड्रीम अ लिटल ड्रीम ऑफ मी’ नाही. ते गाणं म्हणजे ग्रुपमधली गायिका कॅस एलियट, आणि कॅसला वगळून हा ग्रुप ऐकण्यात अर्थ नाही. म्हणून १९६९चा ‘सिक्स्टीन ऑफ देअर ग्रेटेस्ट हिट्स’ शोधा.

आता कानाचं. मी एका हौशी गायकवृंदात खालचा आवाज गातो, तेव्हा हे जरा जिव्हाळ्याने सांगतो. आपल्याकडे कोरस म्हटलं की दहा जण एकच चाल गातात. गोव्यातल्या ‘मांडो’ या गीतप्रकारात दोन आवाज वेगळे चालतात, चर्चच्या गायनात चार चालतात, पण रागसंगीतावर वाढलेल्या कानाला ती सवय नसते. तो मुख्य चाल धरतो आणि बाकीच्यांना साथीदार समजून सोडून देतो. इथे तसं करू नका. वर मिशेल फिलिप्सचा पातळ, काचेसारखा आवाज. मध्ये डेनी डोहर्टी, बहुतेक गाण्यांत मुख्य चाल त्याच्याकडे. तळाला जॉन. आणि कॅसचा भरदार आवाज या सगळ्यांना बांधून ठेवतो. एका ऐकण्यात फक्त तळाचा आवाज धरा, दुसऱ्यात फक्त कॅस. तिसऱ्या वेळी कुणालाच धरू नका.

तेव्हा जे होतं त्यासाठी तुमचा कान खरं तर आधीच तयार आहे. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो तुम्ही ऐकला असेलच. चार गळे चोख सुरात मिळाले की असंच घडतं: एकाचे उपस्वर, म्हणजे प्रत्येक स्वरात आपोआप मिसळलेले वरचे बारीक स्वर, दुसऱ्याच्या उपस्वरांवर बसतात, ते बळावतात आणि कुणीच गात नसलेला एक स्वर वर तरंगायला लागतो. या चौघांना तो ऐकू यायचा, आणि त्या पाचव्या आवाजाला त्यांनी ‘हार्वी’ असं नावच देऊन टाकलं होतं! स्टुडिओत एकावर एक आवाज चढवून रेकॉर्डिंग व्हायचं, त्यामुळे रेकॉर्डवर हा भरीवपणा आणखी वाढतो.

सुरुवात ‘डेडिकेटेड टू द वन आय लव्ह’ने करा. मिशेल एकटी, जवळजवळ कुजबुजत सुरू करते आणि मग बाकीचे आत येतात. एकापासून चारापर्यंतचा जिना इतका स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच गाण्यात नाही. मग ‘मंडे, मंडे’. शेवटाकडे गाणं चक्क थांबतं, संपलं असं वाटतं आणि अर्धा स्वर वर चढून परत सुरू होतं. ‘आय सॉ हर अगेन’मध्ये डेनीची एक ओळ वेळेआधीच येते आणि तुटते. रेकॉर्डिंग जोडतानाची ती चूक होती, पण निर्माता लू अ‍ॅडलरने ती तशीच राहू दिली, आणि आता तिच्याशिवाय गाणं सुनं वाटेल.

‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’ हेडफोन लावून पुन्हा ऐका. हा ट्रॅक आधी गायक बॅरी मॅग्वायरसाठी केलेला होता आणि हे चौघं त्यात मागे गात होते. नंतर त्याचा आवाज पुसून डेनीचा भरला. पुसणं पुरतं झालं नाही. स्टिरिओमध्ये सुरुवातीला डाव्या कानात मॅग्वायरचा अंश क्षणभर सापडतो. मुख्य गायक अर्धी ओळ टाकतो आणि बाकीचे ती झेलतात, हे तर तुम्हाला सवाल-जबाबासारखं लगेच उमगेल. जिथे उत्तर प्रश्न संपायच्या आतच येतं, तिथे कान द्या.

मधली बासरी जॅझ वादक बड शँकची, आल्टो फ्लूट, म्हणजे नेहमीपेक्षा खालच्या सुराची. हाच बड शँक पंडित रविशंकरांच्या १९६२च्या ‘इम्प्रोव्हायझेशन्स’ या रेकॉर्डवर वाजलाय. जून १९६७मध्ये जॉन फिलिप्स आणि अ‍ॅडलर यांनी कॅलिफोर्नियातल्या माँटेरीचा पॉप महोत्सव उभा केला, तेव्हा शेवटच्या दिवशी दुपारी रविशंकर आणि अल्लारखाँ बसले आणि रात्री समारोपाला हे चौघं उभे राहिले. त्या दुपारचं चित्रीकरण उपलब्ध आहे, तेही जरूर बघा.

संग्रह पचला आणि आणखी हवंसं वाटलं, तर १९६६चा पहिला अल्बम घ्या, ‘इफ यू कॅन बिलीव्ह युअर आइज अँड इअर्स’. त्यातलं ‘गॉट अ फीलिन’ संग्रहातल्या गर्दीत हरवतं. अल्बममध्ये ते निवांत ऐकायला मिळतं.