आयकिडो या जपानी युद्धकलेतल्या काठीच्या (जो) सरावात पकड आणि उभं राहण्याची ढब कशी सुधारावी?

तुम्ही लिहिलंय की शिकायला लागून आठ महिने झाले, काठी हातात घेतली की दहा मिनिटांत मनगटं भरून येतात आणि सेन्सेई (शिक्षक) सारखे 'खांदे खाली' म्हणून ओरडतात. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. मी मूठच सुधारत बसलो होतो आणि घोळ होता पायांत. कंबर काम करेना की हात तिच्या वाटचं काम अंगावर घेतात. मग मूठ आवळते, मागोमाग खांदे कानाला टेकतात.

म्हणून आधी काठी भिंतीशी ठेवा आणि नुसतं हानमीत (अंग तिरकं ठेवायच्या पवित्र्यात) उभं राहा. डावा पाय पुढे, दोन्ही टाचा साधारण एका रेषेत, मागचं पाऊल बाहेर वळलेलं, पुढचा गुडघा किंचित मोडलेला. आता घरातल्या कुणाला तरी पुढच्या खांद्यावर हळूहळू रेटायला सांगा. तुम्ही कमरेतून मागे कललात, तर तुमचा तोल आधीपासूनच मागे होता. मागची टाच उचलली गेली, तर पावलं फार जवळ आहेत. माझ्या बायकोने मला एका बोटाने हलवलं होतं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

आता पकड. जोर करंगळी आणि अनामिकेत हवा. मधलं बोट साथीला, तर्जनी नुसती टेकलेली. आपण ओला पंचा पिळतो ना, तसे दोन्ही तळवे शेवटच्या क्षणी आत पिळायचे आणि लगेच सैल सोडायचे. सबंध वेळ पिळून धरलंत तर मनगट दुखणारच. कुठे चुकतंय ते तळहातच सांगतो. घट्टे करंगळीच्या बुडाशी पडत असतील तर ठीक चाललंय. माझे पडायचे अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, म्हणजे काठी मी चिमटीत धरत होतो. अंगठाही काठीच्या लांबीच्या दिशेने सरळ टेकवून ठेवायची खोड होती. जोडीने सराव करताना समोरच्याची काठी घसरत आली ती थेट त्याच अंगठ्यावर. नख काळंनिळं झालं आणि खोड एका दिवसात गेली!

सराव कशाचा करावा? जपानमधल्या इवामा इथे आयकिडोचे संस्थापक मोरिहेइ उएशिबा यांच्याकडे 1946 पासून शिकलेल्या मोरिहिरो साइतो यांनी जोचे 20 सुबुरी (एकट्याने घटवायचे मूळ प्रकार) लावून दिले आहेत. तूर्त त्यातला पहिला, चोकु त्सुकी, एवढाच घ्या. सरळ भोसकायचं, बस्स. मागचा हात काठीचं टोक धरून ढकलतो, पुढचा हात फक्त दिशा देतो. ढकलताना मागची कोपर बाहेर फाकली की जोर तिथेच गळतो आणि खांदा वर येतो. ती बरगडीला घासत गेली पाहिजे. भिंतीवर खडूने ठिपका काढा आणि टोक त्याच्या वीतभर अलीकडे थांबवा. दिवसाला पन्नास पुरेत, पण इतके सावकाश की दर वेळी मागची टाच जमिनीला आहे का ते कळावं.

लाठीकाठी खेळलेल्यांना एक वेगळी अडचण येते. ती काठी फिरती, त्यामुळे मूठ सतत मोकळी ठेवायची सवय असते. भोसकताना त्यांची काठी हातातच घसरते. तुम्ही खेळला असाल तर पिळण्यावर जास्त वेळ द्या.

काठीकडेही एकदा बघा. नेहमीचा जो साधारण 128 सेंटीमीटर लांब आणि अडीच सेंटीमीटरच्या आतबाहेर जाड असतो. त्याहून जाड दांडा असेल तर लहान हाताची करंगळी पुरती वळतच नाही. चकचकीत व्हार्निश असेल तर घामाने काठी सटकते, ती सटकू नये म्हणून आपण मूठ आवळतो, आणि पुन्हा तेच मनगट. बारीक पॉलिश पेपरने व्हार्निश उतरवा आणि जवसाच्या तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात काठी भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका, वाकते, आडवी ठेवा.

हे सगळं करूनही मनगट विश्रांतीत दुखत राहिलं, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि डोक्यावरून मारायचे प्रकार गच्चीवर करा. आमच्या हॉलमधल्या पंख्याचं एक पातं अजून वाकडं आहे.