महिनाअखेरची गर्दी कोणत्या विषयात बसते?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी कारखान्यात उत्पादन नियोजनाचं काम बघतो आणि नोकरी सांभाळून व्यवस्थापनात पीएचडी करतोय. आमच्याकडे महिन्याचे पहिले पंधरा दिवस थंड जातात आणि शेवटच्या आठवड्यात निम्म्याहून जास्त माल बाहेर पडतो. हे का होतं, यावर मला काम करायचंय. गाईड म्हणतात, हा विषय मार्केटिंगचा, एचआरचा, ऑपरेशन्सचा की अकाउंटिंगचा ते आधी ठरव, नाहीतर ना धड इकडचा ना तिकडचा होशील. शिवाय चारशे जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायला सांगतात. काय करू?

उत्तर : विषय सोडू नका, एवढं आधी सांगते. दर महिन्याला आपल्याच टेबलावर येऊन पडणारा प्रश्न घेऊन पीएचडीला बसणारे मला मोजकेच भेटले.

पॉल ओयर या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये कारखानदार कंपन्यांच्या विक्रीवर काम प्रसिद्ध केलं. आर्थिक वर्ष संपताना विक्री चढते आणि नवं वर्ष लागलं की उतरते, असं त्याला दिसलं. पण हा सीझनचा परिणाम नाही कशावरून? सगळ्या कंपन्यांचं वर्ष एकाच महिन्यात संपत नाही, याचा त्याने उपयोग करून घेतला. एकीचं वर्ष संपतं तेव्हा दुसरीचं जेमतेम अर्धं झालेलं असतं, सीझन मात्र दोघींना सारखाच. वर्गात हे शिकवताना मी फळ्यावर दोन रेघा काढून गप्प उभी राहायचे. ते डोक्यात शिरलं की मुलं आपोआप पुढे सरकून बसायची.

याच्याशी जवळचं नातं असलेला प्रकार हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग या अभ्यासकांनी १९९७ मध्ये पुरवठा साखळीच्या बाजूने मांडला. बाळांना डायपर रोज साधारण तेवढेच लागतात, पण वितरकांच्या ऑर्डरी वरखाली होतात आणि मागे कच्च्या मालापर्यंत जाताना हे हेलकावे वाढतच जातात. ऑर्डरी साठवून एकदम टाकणं हे त्याचं एक कारण.

म्हणजे तुमचा विषय प्रश्नाच्या शब्दांत दडलेला आहे. 'का होतं' असं विचाराल तर टार्गेट आणि इन्सेंटिव्हकडे जावं लागेल. 'त्यापायी काय होतं' असं विचाराल तर ओव्हरटाइम आणि रिजेक्शनकडे (बाद होणाऱ्या मालाकडे), म्हणजे ऑपरेशन्सकडे. तुम्ही 'का' लिहिलंय. गाईडची काळजीही खोटी नाही, प्रबंध तपासणारे शेवटी कुठल्यातरी एका विषयाचे असतात. अर्जावर एक नाव घाला, वाचन मात्र चारही बाजूंचं करा. हर्बर्ट सायमन यांची पीएचडी राज्यशास्त्रातली आणि १९७८ चं नोबेल अर्थशास्त्रातलं, तेही संस्थांमध्ये निर्णय कसे होतात या कामासाठी.

प्रश्नावलीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. टार्गेटचा दबाव किती आणि बिलं पुढेमागे करता का, हे दोन्ही एकाच माणसाला एकाच बैठकीत विचारलंत, तर उत्तरं एकमेकांशी जुळणारच. त्यातलं किती खरं आणि किती त्या बैठकीतल्या मूडचं, हे नंतर वेगळं काढणं फार अवघड.

माझ्या प्रबंधासाठी मी तीनशेवर प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. एक डिस्पॅच सुपरवायझर माझ्यासमोर भरत होते. पेन 'तीन'च्या रकान्यातून सरळ खाली चाललं होतं, वाचणं नाहीच. मध्येच फोन वाजला. ते म्हणाले, "पार्टीला सांग, बिल आज फाडतो, गाडी दोन तारखेला भरू." फोन ठेवला आणि पुन्हा 'तीन'. मला जे शोधायचं होतं ते त्या एका वाक्यात होतं आणि माझ्या बेचाळीस प्रश्नांपैकी एकही त्याच्या आसपास फिरकला नव्हता. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

उलट व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मॅनेजर निवडले, प्रत्येकासोबत एक आठवडा काढला आणि पाहिलं ते टिपलं. मॅनेजर शांत बसून योजना आखतो, हा समज त्यातून मोडला. निम्म्या कामांना नऊ मिनिटंही लागत नव्हती.

तुम्ही तर आतच आहात. दोन वर्षांचं डिस्पॅच रजिस्टर मिळवा आणि बिलाची तारीख व गाडी निघाल्याची तारीख शेजारी शेजारी मांडा. मग तीन महिने शेवटचे चार दिवस डिस्पॅचला बसा, पण कशासाठी बसलात ते तिथल्यांना आधी सांगून. रजिस्टर मागताना पार्ट्यांची नावं आणि दर झाकून मागा. तारखा, नग आणि बिल नंबर एवढं पुरे, आणि परवानगीही त्यानेच लवकर मिळेल.